फातोर्ड्याचा सामना : चौथ्या नोंदीविषयी

इंडियन सुपर लीगच्या दुसऱ्या मोसमाचा अंतिम सामना २० डिसेंबर २०१५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर झाला आणि त्यात चेन्नईयिन संघाने गोव्याच्या संघाचा ३-२ असा पराभव केला. अधिकृत नोंदीत गोलांच्या पाच ओळी आहेत : पेलिसारी ५४ वे मिनिट, हाओकिप ५८, जोफ्रे ८७, कट्टीमणी (स्वयंगोल) ९० आणि मेंडोझा ९० अधिक २. त्या सामन्याविषयी गोमंतकात पुढे जे बोलले गेले ते बहुतांशी या चौथ्या ओळीविषयी. गोलरक्षकाने ऐन वेळी घात केला आणि ओंजळीतला चषक निसटला, असा एकंदर सूर. प्रस्तुत लेखक त्या संध्याकाळी पायऱ्यांवर होता आणि उघड उघड गोव्याचा पक्षपाती म्हणून होता. तरीही हा सूर रसिकतेला धरून नाही, असे मला तेव्हाही वाटले व आजही वाटते. ज्याला आपण क्रीडाप्रेम म्हणतो त्याला गुणग्रहणाची काही शिस्त असावी लागते. ती नसेल तर मग सामना पाहायचा कशाला? दुसऱ्या दिवशी आकडा वाचला तरी पुरे.

सामन्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. साखळीत गोव्याचा संघ पहिला आला होता. १७ नोव्हेंबरला याच मैदानावर त्याने मुंबईला ७-० असे लोळविले होते. उपांत्य फेरीत दिल्लीला जाऊन एका गोलाने हरल्यावर घरी परतून तीन गोलांनी उट्टे काढले होते. चेन्नईयिनची कथा अगदी वेगळी. मोसमाच्या मध्यावर हा संघ गुणतक्त्याच्या तळाशी होता. शेवटचे चार सामने ओळीने जिंकून तो वर आला. डिसेंबरात चेन्नई शहर महापुरात बुडाले आणि उपांत्य फेरीतला त्यांचा घरचा सामना पुण्याला न्यावा लागला. तटस्थ प्रेक्षकाचे मन त्यांच्याकडे झुकले असते तर त्यात नवल नव्हते. पण तटस्थ प्रेक्षक त्या दिवशी फातोर्ड्यात फारसा नव्हता. आदल्याच दिवशी गोव्याचा मुक्तिदिन साजरा झालेला, मार्गशीर्षातल्या जत्रांचे दिवस, आणि अंतिम सामना आपल्या अंगणात! दुसऱ्या दिवशी मोक्षदा एकादशी, म्हणजे गीताजयंती होती. सामना संपल्यावर, उद्याच्या प्रवचनकारांना फलाशेचा विषय आयताच मिळाला, असे कोणी उपहासाने म्हणाले. मला तो विनोद रुचला नाही. फळाची आशा सोडून फुटबॉल पाहता येत नाही, आणि तसा पाहिलाच तर तो फुटबॉल राहत नाही.

येथे जरा विषयांतर करतो. फुटबॉल हा आपला खेळ नव्हे, पाद्र्यांनी आणला आणि चर्चच्या पटांगणात वाढला, असे आपल्या मंडळींत अजूनही कधी कधी ऐकू येते. १८८३ साली शिवोलीत एका ब्रिटिश पाद्र्याने तो प्रथम खेळविला असे सांगतात, आणि ते खरे असावे. पण भात कापल्यावर मोकळी झालेली शेते कोणाच्या धर्माची नव्हती. तेथे जो आला तो खेळला. देवस्थानांच्या महाजनांत ज्या घराण्यांची नावे आदराने घेतली जातात त्यांतल्याच काहींनी पुढे फुटबॉलचे संघ पोसले. धेंपो संघाने २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली, ती काही परक्याच्या खेळात नव्हे. ज्याच्याविषयी मी लिहितो आहे तो लक्ष्मीकांत कट्टीमणी याच धेंपोच्या गोलात उभा राहून पुढे आलेला. आडनाव कानडी वळणाचे, खेळाडू गोव्याचा. बेळगावकडील वाचकांना यात काही विशेष वाटणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. देवळाच्या उत्सवात नाटक पाहायला बसलेल्या प्रेक्षकाला शेवट ठाऊक असतो. सौभद्रात सुभद्रा अखेर अर्जुनालाच मिळणार, हे पुढे चटईवर बसलेल्या पोरालाही माहीत असते. म्हणून पहिल्या अंकाला कोणी उठून जात नाही. काय होणार यापेक्षा कसे होते यात आपले मन रमते. नट कोणत्या जागी थांबला, पद कसे उचलले, दुय्यम पात्राने एखादे वाक्य कसे टाकले, यावर पहाटेपर्यंत चर्चा चालते. फुटबॉलचा सामना पाहताना हे सुख मिळत नाही, कारण शेवट लिहिलेला नसतो आणि जीव टांगणीला लागलेला असतो. मात्र सामना एकदा होऊन गेला की तोही शेवट ठाऊक असलेल्या नाटकासारखा पाहता येतो. आपण तसे करीत नाही. शेवट कळल्याबरोबर आधीचे सारे अंक त्या शेवटाकडे नेणारे म्हणूनच आठवू लागतो; जे त्याला जुळत नाही ते विसरतो. फातोर्ड्याच्या सामन्याचे नेमके असेच झाले. म्हणून तो सामना एकवार पहिल्यापासून पाहू या.

पूर्वार्ध गोलावाचून संपला. त्याविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. दोन्ही संघ एकमेकांना जोखीत होते. खरे नाट्य उत्तरार्धात. चोपन्नाव्या मिनिटाला चेन्नईयिनला पेनल्टी मिळाली. गोलरेषेपासून बारा यार्डांवर ठेवलेला चेंडू, चोवीस फूट रुंद व आठ फूट उंच दार, आणि त्यात एक माणूस. हिशेब सर्वस्वी मारणाऱ्याच्या बाजूचा असतो. कट्टीमणीने तो फटका अडविला. परंतु परतलेला चेंडू पुन्हा पेलिसारीच्याच पायाशी गेला आणि त्याने तो आत ढकलला. नोंदवहीत फक्त ‘पेलिसारी ५४’ असे आहे. त्या दोन क्षणांमध्ये जे घडले त्याला नोंदवहीत जागाच नाही. गोलरक्षकाचे काम पूर्ण झाले होते. परतलेल्या चेंडूवर धाव घेण्याचे काम त्याच्या पुढच्या मंडळींचे असते. येथपर्यंत तरी दोष कोणाचा, हे फुटबॉल जाणणाऱ्याला सांगावे लागू नये.

चार मिनिटांनी बदली म्हणून आलेल्या हाओकिपने बरोबरी साधली. पायऱ्यांवर जो कल्लोळ उठला तो विरतो न विरतो तोच चेन्नईयिनला दुसरी पेनल्टी मिळाली. या खेपेस समोर मेंडोझा होता, त्या मोसमात सर्वांत अधिक म्हणजे तेरा गोल करणारा. कट्टीमणीने तोही फटका अडविला, आणि यावेळी चेंडू परत कोणाला मिळाला नाही.

एका अंतिम सामन्यात, एकाच अर्ध्या भागात, काही मिनिटांच्या अंतराने दोन पेनल्टी अडविणे ही गोष्ट केवढी आहे, याचा विचार आपण त्यावेळी केला नाही आणि नंतरही केला नाही. माझ्या मते सामन्याचा गाभा येथे आहे. मेंडोझाचा तो फटका आत गेला असता तर गुणफलक २-१ असा चेन्नईयिनच्या बाजूने झाला असता. मग सत्याऐंशीव्या मिनिटाला जोफ्रेने फ्री-किकवर केलेल्या गोलाने गोव्याची फक्त बरोबरी झाली असती. आपण जी आघाडी गमावली म्हणून हळहळतो, ती आघाडी मुळात गोलरक्षकाने मिळवून दिलेली होती. गमावण्याइतके काही हाती होते ते त्याच्यामुळे होते. ज्याने घर राखले त्याच्याच नावावर घर जळाल्याची नोंद करायची, हा कोठला न्याय?

जोफ्रेच्या गोलानंतर माझ्या शेजारचा गृहस्थ उभा राहून कोंकणीत म्हणाला, “सोंपलें!” संपले म्हणजे जिंकलो. अवघी तीनेक मिनिटे उरली होती आणि मैदानातल्या सहस्रावधी लोकांची हीच भावना होती. नव्वदाव्या मिनिटाला गोलासमोरच्या गर्दीत चेंडू आला, तो दूर लोटण्याच्या प्रयत्नात कट्टीमणीकडूनच जाळ्यात गेला आणि गुणफलक २-२ झाला.

या ‘स्वयंगोल’ शब्दाचा थोडा विचार करावयास हवा. प्रतिस्पर्ध्याचा फटका मुळात गोलाच्या दिशेने असेल आणि बचाव करणाऱ्याला चाटून आत गेला, तर गोल मारणाऱ्याच्या नावावर पडतो. तसे नसेल तर ज्याला शेवटी चेंडू लागला त्याच्या नावावर. हा झाला कारकुनी नियम, आणि कारकुनी म्हणून तो ठीक आहे. हिशेब कोठेतरी मांडावाच लागतो. परंतु या नियमात गर्दी दिसत नाही. चेंडू गोलासमोर येऊ देणारे दिसत नाहीत, नव्वद मिनिटांचा शीण दिसत नाही. नोंदीचा रकाना एकच नाव मागतो आणि आपण त्या एका नावाला नीतिमत्तेचा निवाडा समजून बसतो. ‘स्वयं’ या उपपदात तर एक सूक्ष्म कुत्सितपणा आहे. जणू त्याने आपखुशीने आपल्या घरावर दगड मारला! कर्णाच्या रथाचे चाक भूमीत रुतले, तेव्हा निदान शापांची परंपरा तरी सांगता येत होती. येथे शाप नाहीत आणि अधर्मही नाही. चेंडू ओला असतो, हात घामेजलेला असतो, समोर चार शरीरे उसळलेली असतात, एवढेच.

दोन मिनिटांनी मेंडोझाने विजयाचा गोल केला. आता गोव्याच्या प्रेक्षकाने करावयाचे सर्वांत अवघड काम येते, ते म्हणजे या गोलाची स्तुती. त्या रात्री ती कोणी केली नाही. करावी अशी अपेक्षाही नव्हती. तथापि आज करावयास हरकत नसावी. ज्याची पेनल्टी अर्ध्या तासापूर्वी अडविली गेली, जो आपल्या संघाच्या पराभवाला कारण ठरण्याच्या बेतात होता, तो जादा वेळेत पुन्हा चेंडू आपल्याकडे घेतो आणि मारतो. याला धैर्य म्हणावे लागते. मोसमाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून त्याची निवड झाली ती योग्यच होती.

मेंडोझा आणि कट्टीमणी यांची तुलना मला या सामन्यात सर्वांत बोधक वाटते. दोघांकडूनही त्या संध्याकाळी चूक झाली. पण आघाडीच्या खेळाडूची चूक पुढच्या गोलाने पुसली जाते, कारण त्याचे काम करण्याचे आहे. गोलरक्षकाचे काम न होऊ देण्याचे आहे. त्याने एकामागून एक दहा चेंडू अडविले तरी अकरावा गेलेला परत येत नाही. त्याच्या यशाची रास जमत नाही. अपयश मात्र मोजले जाते. घरातल्या थोरल्या सुनेसारखी त्याची स्थिती. वर्षभर सर्व सुरळीत चालले त्याची नोंद कोणी ठेवीत नाही, एका दिवशी दूध उतू गेले ते सर्वांच्या लक्षात राहते. मेंडोझाला भरपाईसाठी दोन मिनिटे मिळाली व ती पुरली. गोलरक्षकाला वर्षे मिळाली असती तरी त्या सामन्यापुरता उपाय नव्हता.

मग पराभवाचे कारण काय? शेवटच्या पाच मिनिटांत ते शोधावयाचेच असेल, तर मी ते एका हातात न शोधता संघाच्या वृत्तीत शोधीन. गोव्याचा प्रशिक्षक होता झिको. त्या थोर खेळाडूच्या आयुष्यात २-३ हा आकडा आधी एकदा येऊन गेला होता. ५ जुलै १९८२ रोजी बार्सिलोनाच्या सारिया मैदानावर विश्वचषकात ब्राझील आणि इटली यांची गाठ पडली. ब्राझीलला पुढे जाण्यास बरोबरी पुरेशी होती. पाचव्या मिनिटाला रोस्सीने गोल केला. बाराव्याला झिकोच्या पासवर सोक्रातिसने फेडला. पंचविसाव्याला पुन्हा रोस्सी. अडुसष्टाव्या मिनिटाला फाल्काओने २-२ केले. येथे थांबावयास हवे होते, असे गेली चार दशके सारे जग सांगत आले आहे. ब्राझील थांबले नाही. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर रोस्सीने तिसरा गोल केला आणि एक अप्रतिम संघ घरी गेला. फातोर्ड्यात चेन्नईयिनचा प्रशिक्षक मार्को मातेराझी हाही इटलीचाच, २००६ च्या विश्वविजेत्या संघातला. तेव्हा काही हौशी मंडळींनी हा योग झिकोच्या पत्रिकेशी नेऊन जोडला. पत्रिकेचे मला कळत नाही. पण वृत्तीचे साम्य आहे, आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाही. गोल करीत राहणे हाच ज्या संघाचा धर्म, त्याला चेंडू कोपऱ्यात दडवून वेळ काढण्याची विद्या सहसा साधत नाही. ती वेगळी विद्या आहे. इटलीत ती सन्मानाने शिकवितात. मुंबईवर सात गोल करणारा संघ आणि नव्वदाव्या मिनिटाला गोंधळणारा संघ हे दोन नव्हेत, एकच आहेत. ज्यांना ते सात गोल हवे होते (आणि ते कोणाला नको होते?) त्यांनी या तीन मिनिटांची तक्रार गोलरक्षकाकडे न्यावी हे मला अप्रामाणिक वाटते. झिकोचा फुटबॉल सोडून फातोर्ड्यात चषक आला असता तर मी तो घेतला असता काय? घेतला असता, बहुधा. पण त्या मोसमाइतकी गोडी त्याला आली असती असे वाटत नाही.

सामना संपल्यावर जे अशोभनीय प्रकार घडले, त्यांची चौकशी व शिक्षा २०१६ साली झाली. त्यांचा खेळाशी संबंध नसल्याने येथे विचार करीत नाही.

सहा वर्षांनी, २० मार्च २०२२ रोजी, ऐन शिगम्याच्या दिवसांत फातोर्ड्यातच पुन्हा अंतिम सामना झाला. साथीमुळे त्या मोसमाचे सर्व सामने गोव्यातच खेळविले गेले होते. अंतिम सामन्याला मात्र प्रेक्षकांना मोकळीक मिळाली आणि केरळहून आलेल्या लोकांनी मैदान पिवळे करून टाकले. समोर हैदराबादचा संघ, आणि त्याच्या गोलात लक्ष्मीकांत कट्टीमणी. अडुसष्टाव्या मिनिटाला राहुलने केरळला आघाडी दिली. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला साहिल ताव्होरा या गोमंतकीयानेच दुरून मारलेल्या अप्रतिम फटक्याने बरोबरी झाली. जादा वेळेत काही निष्पन्न झाले नाही आणि निकाल पेनल्टींवर गेला. कट्टीमणीने तीन पेनल्टी अडविल्या. हैदराबादने ३-१ अशी बाजी मारली. तीनांपैकी एक तर त्याला दोनदा अडवावी लागली. निशू कुमारचा फटका त्याने थोपविला, पण पाय रेषेवरून आधीच निघाला असे ठरवून पंचांनी तो पुन्हा मारावयास लावला. पुन्हा मारला, पुन्हा अडविला.

दुसऱ्या दिवसापासून ‘प्रायश्चित्त’, ‘परिमार्जन’ हे शब्द जिकडे तिकडे दिसू लागले. त्याच मैदानावर पाप झाले, त्याच मैदानावर फिटले! गोष्ट म्हणून हे फार सुबक आहे आणि म्हणूनच मला ते खटकते. धर्मशास्त्रात प्रायश्चित्ताला आधी पातक लागते. २०१५ साली पातक कोणते घडले होते? दोन पेनल्टी अडविणाऱ्याने सहा वर्षांनी आणखी तीन अडविल्या, त्याच माणसाचा तोच गुण पुन्हा दिसला, एवढाच याचा सरळ अर्थ आहे. पहिल्या वेळी आपण तो पाहिला नाही. दुसऱ्या वेळी निकाल अनुकूल असल्याने तो दिसला. क्षमा करण्याचा आव आणून आपण त्याच्यावरचा जुना आरोप नव्याने कायम करीत आहो, हे या स्तुतिपाठकांच्या ध्यानात येत नाही. शिवाय नोंदवहीचा विनोद असा की, पेनल्टींवर सुटलेला सामना नियमाप्रमाणे बरोबरीचा धरतात. २०२२ च्या त्या ओळीत १-१ असेच लिहावे लागते.

त्या रात्री माझे लक्ष मात्र दुसऱ्या टोकाकडे वारंवार जात होते. केरळच्या गोलात प्रभसुखन गिल हा तरुण उभा होता. त्या मोसमातला सर्वोत्तम गोलरक्षक म्हणून सुवर्ण हातमोज्याचे पारितोषिक त्यालाच मिळाले. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत तो विजेत्या संघाचा गोलरक्षक होता. ताव्होराचा चेंडू त्याच्या बोटांपलीकडून गेला, नंतरच्या पेनल्टींत हैदराबादचा एक नेम आपोआप चुकला, बाकीचे तीन गेले. केरळचा अंतिम फेरीतला तो तिसरा पराभव. २०१४ आणि २०१६ नंतर या वेळी तरी, असे म्हणत रेल्वेने व मोटारींनी आलेले लोक मुकाट्याने पायऱ्या उतरू लागले, तेव्हा त्यांच्यापैकी कोणी गिलला नावे ठेवताना मी ऐकले नाही. मल्याळम मला येत नाही, हेही खरे.